हिरवे ठिपके आणि दहा इंची गळा

उमाशंकर बिराजदार नेमकं काय काम करतो, हे त्याच्या सासरवाडीला आजतागायत नीट कळलेलं नाही, आणि त्यात सासरवाडीचा काही दोष नाही. सासरे आळंदच्या बाजूचे, तुरीच्या अडतीत आयुष्य गेलेले, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. दिवाळीला आलेल्या जावयाला त्यांनी एकदा भरल्या पंगतीत विचारलं, "जावईबापू, तुमी दिवसभर करता काय?"

"गाडीत बसून मोबाइलवर व्हिडिओ बघतो," उमाशंकरनं सांगितलं.

"आन् पगार?"

"कंपनी देते."

"बघायचा?"

"बघायचा."

सासऱ्यांनी घास तसाच हातात धरून विचार केला आणि धाकट्या मुलाकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्याला पण लावा की मग. ह्यो तर फुकट बघतोय."

हा किस्सा उमाशंकर स्वतःच जिथं-तिथं सांगतो. वर म्हणतो, माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कंपनीला नऊ वर्षांत जमलं नाही.

काम असं, की मोबाइल कंपनीचं जाळं गावोगाव कसं चालतंय ते तपासायचं. गाडीच्या पुढच्या काचेमागं चार मोबाइल ओळीनं बसवलेले, मांडीवर लॅपटॉप, टपावर जागा टिपणारी एक छोटी डबी. गाडी चालायला लागली की चारही मोबाइलवर एकच एक मिनिटाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागतो. एक धबधबा, एक पोपट, मग समुद्रावर धावणारा एक कुत्रा. व्हिडिओ सुरू व्हायला किती सेकंद लागले, मधे किती वेळा अडकला, चित्र किती स्वच्छ दिसलं, हे सगळं लॅपटॉप लिहून घेतो आणि पाचपैकी गुण देतो. चांगले गुण मिळाले की नकाशावर हिरवा ठिपका, मध्यम असले की पिवळा, वाईट असले की लाल. गाडी चालवतो कळंबचा महारुद्र. तो सांगतो, की त्या पोपटाला मी माझ्या सख्ख्या भावापेक्षा जास्त वेळा बघितलंय.

उमाशंकर सास्तूरचा. भूकंपानंतर गाव पत्र्याच्या शेडमधे राहत होतं, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्यांच्या ओळीतल्या बावीस शेडांत मिळून एक टीव्ही, आणि त्याचा बांबूवरचा अँटेना फिरवायचं काम याच्याकडं. आतून आरोळी यायची, "आलं, आलं, आलं... गेलं की रं!" हा बाहेर उन्हात बांबू धरून उभा. आत काय चाललंय ते त्याला कधीच दिसलं नाही. आरोळीवरून तो अंदाज बांधायचा. पुढं आयटीआय झालं, लोहाऱ्यात रिचार्जचं दुकान झालं. लोक घरबसल्या रिचार्ज करायला लागल्यावर दुकानात माश्या तेवढ्या यायला लागल्या, तेव्हा तो या तपासणीच्या कामात शिरला. कामात तो वाईट नव्हता. फक्त एक झालं होतं. इतक्या वर्षांत त्याला हिरव्या रंगाचं व्यसन लागलं होतं. आपल्या जिल्ह्याचा नकाशा हिरवा दिसला की त्याला स्वतः पेरणी केल्यासारखं समाधान वाटायचं. टॉवर दुसऱ्याचे, विजेची लाइन दुसऱ्याची, आणि छाती याची फुगायची.

मागच्या गाळप हंगामाची गोष्ट. मार्गशीर्षात एक तक्रार आली. ढोकीच्या अलीकडं हिवरदरा नावाचं गाव आहे, तिथून शिवांजली नावाच्या बाईंनी लिहिलं होतं: 'रेंज पूर्ण दाखवते, पण व्हिडिओ अडकतो. वेळ दुपारी दोन ते तीन.'

उमाशंकर आणि महारुद्र तिथं सकाळी अकराला पोचले. गावातून एक चक्कर, वेशीपासून एक चक्कर. धबधबा वाहिला, पोपट बोलला, कुत्रा धावला, कुठं अडकणं नाही. पाचपैकी सव्वाचार गुण. उमाशंकरनं शेरा मारला, 'समस्या आढळली नाही', आणि तक्रार बंद केली. तक्रारीतली वेळ त्यानं वाचली नव्हती असं नाही. वाचली होती. पण लोक काहीही लिहितात, असं त्याचं मत होतं. आता तो म्हणतो, लोक काहीही लिहितात हे खरंच आहे, फरक इतकाच की ते लोक म्हणजे मी.

आठ दिवसांनी तीच तक्रार पुन्हा आली. या वेळी दोघं साडेदहाला गेले, कारण महारुद्रला दुपारी कळंबच्या बाजारात शेळी बघायची होती. पुन्हा सगळं हिरवं. पुन्हा तक्रार बंद.

तिसऱ्या वेळी बाईंनी लिहिलं, 'साहेब, कृपा करून घरात येऊन बघा. गाडीतून बघू नका.' उमाशंकरला हे जरा लागलं. नऊ वर्षं हेच करत आलेल्या माणसाला कुणीतरी काम शिकवतंय, असं त्याला वाटलं. त्यानं गाडी बाईंच्या घरासमोरच्या रस्त्यावरून दोनदा नेली, काच खाली करून घराकडं एकदा बघितलं, आणि शेऱ्यात एक वाक्य वाढवलं: 'ग्राहकाने आपला हँडसेट तपासावा.' लिहिताना त्याला ते वाक्य फार भारदस्त वाटलं होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो घरी आला, तर बायको श्रीदेवी बाजेवर बसलेली. समोर गुलेदगुड्डच्या खणाचं हिरवंगार कापड पसरलेलं, आणि चेहरा असा की चहाचं विचारायची सोय नाही. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. इरकली साडीवर घालायला तिनं हा खण मुद्दाम मागवला होता, आणि ब्लाऊज स्वतः शिवायचं ठरवलं होतं.

"काय झालं?" उमाशंकरनं विचारलं.

तिनं कापड उचलून उलगडलं. मागच्या बाजूला गळा होता. गळा कसला, खिडकीच होती. तिनं ते आपल्या अंगाला लावून दाखवलं, तर दोन्ही खांदे मोकळे.

"एवढा मोठा गळा कशाला घेतला?"

"म्या घेतला व्हय? व्हिडिओनं घेतला!" श्रीदेवीचा बांध फुटला. "आमच्या ताई मंगळवारी आन् शुक्रवारी मोबाइलवर शिकवत्यात. समोर कापून दाखवत्यात, आमी बघून कापायचं. त्या म्हणल्या, गळ्याची रुंदी पाच इंच. म्या पाचावर खूण केली. तेवढ्यात त्या अडकल्या. तोंड उघडं, हात वर, अशा देवळातल्या मूर्तीगत. म्या म्हणलं, चला, आपण कापून घेऊ. कापलं. मग त्या हलल्या आन् म्हणल्या, 'म्हणून घडीवर अडीचच धरायचं बरं का.' कापड घडी घातलेलं हुतं! पाचाचे दहा झाले!"

"अरेरे."

"माझं एकटीचं न्हाय. अकरा जणींचं असंच झालंय. परांड्यापासून उमरग्यापर्यंत अकरा बायकांचे गळे दहा इंच हायत." तिनं कापड बाजेवर टाकलं. "ताईंनी तीनदा तक्रार केली कंपनीकडं. तीनदा कुणीतरी येऊन न बघताच बंद केली. वर लिवलं काय, तर हँडसेट तपासा! कोण असंल वो असला माणूस?"

उमाशंकरनं जपून विचारलं, "कुठल्या हायत तुमच्या ताई?"

"हिवरदऱ्याच्या. शिवांजलीताई."

उमाशंकर उठला, माठापाशी गेला, एक तांब्या पाणी प्याला. मग दुसरा प्याला. मग म्हणाला, "असत्यात असली माणसं." आणि हातपाय धुवायला मोरीत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. उमाशंकरनं महारुद्रला सांगितलं, "आज हिवरदरा. पण दुपारी."

"बंद झालेली तक्रार हाय ती."

"तीच."

महारुद्रनं आरशातून त्याच्याकडं बघितलं आणि शेळी दूध चांगलं देत्येय, एवढंच बोलला.

दीड वाजता ते शिवांजलीच्या घरी पोचले. दारात तिची सासू कडूबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं दोघांच्या हातातल्या वायरी बघितल्या.

"मीटरचं का?"

"न्हाय आजी, मोबाइलच्या कंपनीकडून आलोय. व्हिडिओ अडकतोय म्हणून."

"आत्ता आला व्हय? झंपरं कापून झाली की सगळ्यांची," कडूबाई म्हणाली आणि आत ओरडली, "शिवांजली, आला बघ तुझा मोबाइलवाला!"

शिवांजली पस्तिशीची, किडकिडीत बाई. गळ्यात टेप, कानावर खडू. खोलीत एक शिलाई मशीन, जमिनीवर सतरंजी, आणि वर एका लाकडी शिडीला जुन्या साडीच्या काठानं बांधलेला मोबाइल, तोंड खाली करून. तिनं उमाशंकरला नीट न्याहाळलं.

"'हँडसेट तपासावा', ते तुमीच का?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. शेऱ्याखाली नाव असतं. "व्हय ताई. मीच," उमाशंकर म्हणाला.

त्याला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण तिनं सतरंजीच्या कडेला जागा करून दिली. "बसा मग. दोनला वर्ग सुरू हुतोय. तपासा माझा हँडसेट."

उमाशंकरनं सवयीनं आपला मोबाइल काढला आणि तोच व्हिडिओ लावला. धबधबा, पोपट, कुत्रा. समुद्राशी एकदा अडकला, पण चालला. तो जरासा खूश झाला. "बघा, चालतोय की."

शिवांजलीनं एकदा त्याच्या मोबाइलकडं बघितलं, एकदा शिडीवरच्या आपल्या मोबाइलकडं. "साहेब, तुमी बघताय ते तुमच्याकडं येतंय. माझं इथून जाणार हाय."

उमाशंकर सांगतो, की त्या क्षणी त्याला कुणी खोलीतून उचलून बाहेर ठेवलं असतं तरी चाललं असतं. नऊ वर्षं तो खाली उतरणारा व्हिडिओ मोजत आला होता. वर चढणारा त्यानं कधी मोजलाच नव्हता, कारण कंपनीच्या फॉर्ममधे त्याचा रकानाच नव्हता. बघणाऱ्यांचं सगळं मोजायचं, दाखवणाऱ्याचं काही नाही. आणि इथं एकशे ऐंशी बायकांना दाखवणारी ही एकटी बाई होती. शिवाय त्याचा पोपट कंपनीनं आधीच तयार करून ठेवलेला. मोबाइल त्याचा पुढचा तुकडा अगोदरच ओढून ठेवतो, म्हणून मधे रेंज पडली तरी कळत नाही. शिवांजली तर जे आत्ता कापतेय तेच आत्ता पाठवतेय. पुढचं आणणार कुठून?

त्यानं चढणारा वेग मोजायला लावला. पावणेदोनला आकडा होता सेकंदाला सहा मेगाबिट. तिच्या वर्गाला दोन पुरले असते. दोनला झाला साडेतीन. शिवांजलीनं "नमस्कार मैत्रिणींनो" म्हणेपर्यंत दीड. दोन वाजून दहा मिनिटांनी शून्य पूर्णांक दोन दशांश. शिडीवरच्या मोबाइलवर एक चाक गरगरायला लागलं, आणि एका मागोमाग निरोप यायला लागले: ताई अडकला. ताई आवाज येत नाही. ताई, मूर्ती झाली तुमची.

"बगा," शिवांजली म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच उमाशंकरला जास्त लागलं.

तो गच्चीवर गेला. टॉवर कालव्याच्या पलीकडं दिसत होता. टॉवरवरच्या अँटेनाच्या तीन बाजू असतात. त्यातली एक हिवरदऱ्याकडं तोंड करून होती. आणि त्याच बाजूला, गाव आणि टॉवर यांच्या मधे, दोन वर्षांपूर्वी झालेल्या खासगी साखर कारखान्याचं आवार होतं. आधीच्या खेपांना सकाळी मोकळं दिसलेलं ते मैदान आता उसाच्या ट्रॉल्यांनी गच्च भरलेलं. पहाटे फडात भरलेला ऊस दुपारपर्यंत इथं येऊन नंबराला लागतो, हे उमाशंकरला लहानपणापासून माहीत होतं. रोज रस्त्यात त्याच ट्रॅक्टरांच्या मागं अडकून तो शिव्याही देत होता. पण ती सगळी माणसं पुढं जाऊन कुठं थांबतात आणि थांबून करतात काय, हा विचार त्याच्या डोक्यात आला नव्हता.

महारुद्रला घेऊन तो आवारात गेला. ट्रॉलीखालच्या सावलीत माणसं आडवी झाली होती. भाकरी खाऊन झालेली, फडकी वाळत घातलेली, आणि प्रत्येकाचा हात तोंडासमोर लांब केलेला. जो तो घरी दाखवत होता. कुणी आपली ट्रॉली, कुणी आपलं जेवण, कुणी नुसतंच तोंड. एक जण बीडकडचा होता. त्याच्या पडद्यावर पाच-सहा वर्षांची पोरगी होती. ती तोंड वासून पडलेला दात दाखवत होती, आणि तो म्हणत होता, "अजून जवळ धर गं, दिसंना."

त्याचं बोलणं झाल्यावर उमाशंकरनं विचारलं, "रोज ह्याच वेळेला फोन करता?"

"मग कवा करणार? सकाळी हातात स्टेअरिंग असतंय. आता नंबर लागंस्तोवर मोकळं. पोरगीबी साळंतनं ह्याच टायमाला जेवायला घरी येती." मग त्यानं उमाशंकरच्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं. "तुमी कंपनीचे का? लई अडकतंय राव इथं. दात दिसला न्हाय नीट."

उमाशंकरनं असे हात लांब केलेले लोक मोजायला सुरुवात केली. सत्तरपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. गाडीत बसल्यावर महारुद्र म्हणाला, "ह्यांना बंद करा म्हणून सांगायचं का?"

"तू सांगतोस?"

"म्या न्हाय बाबा."

तो परत शिवांजलीच्या घरी आला आणि सगळं सांगितलं. एकाच अँटेनाच्या तोंडापाशी इकडून तुमचा वर्ग आणि तिकडून शेकडो लोकांची पोरंबाळं, असं झालंय. त्यानं कंपनीला लिहायचं कबूल केलं, पण नवा अँटेना यायला महिने जातील हेही सांगून टाकलं. मग तज्ज्ञ माणसाप्रमाणं उपाय सुचवायला लागला.

"वर्ग सकाळी अकराला घ्या."

दारातून कडूबाई म्हणाली, "अकराला बाया काय मोकळ्या बसत्यात व्हय? तुमच्या घरात बसती का?"

उमाशंकरनं श्रीदेवीला डोळ्यांसमोर आणलं आणि तो उपाय मागं घेतला.

"मग चित्र हलकं करा. कमी स्पष्ट पाठवलं की कमी अडकतं."

शिवांजलीनं लगेच करून बघितलं. चित्र पुढं सरकायला लागलं खरं, पण हिरव्या कापडावरची खडूची रेघ दिसेना. नुसता हिरवा डोंगर आणि त्यावर फिरणारा एक हात. उमाशंकरकडं तिसरा उपाय नव्हता. तो पोपटाच्या मोबाइलकडं बघत बसला.

शिवांजली मात्र उठली. तिनं मशीनखालून रद्दीतलं एक वर्तमानपत्र काढलं, सतरंजीवर पसरलं, घडी घातली, आणि पोत्यावर नावं घालायच्या जाड काळ्या पेननं त्यावर बोटाएवढी रुंद रेघ मारली. वर मोबाइलमधे बघितलं. त्या हलक्या, फुटक्या चित्रातही रेघ ठळक दिसत होती. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आधी सगळ्यांनी कागद कापायचा, कापड न्हाय. आकडा म्या तीनदा सांगणार, तो त्यांनी लिहून पाठवायचा. आन् म्या 'काप' म्हटल्याबिगर कुणी कात्री लावायची न्हाय. अडकलं तर थांबायचं. थांबल्यानं कापड फाटत न्हाय."

नऊ वर्षांचा अनुभव, चार मोबाइल, एक लॅपटॉप आणि टपावरची डबी एकीकडं, आणि रद्दीचा कागद एकीकडं. उमाशंकरनं मान हलवली. "ताई, तुमी कंपनीत पाहिजे हुता."

"न्हाय बाबा," ती म्हणाली. "तितं घरात येऊन बघत न्हाईत."

ठरलं असं, की पुढच्या मंगळवारी उमाशंकरनं वर्गाला बसायचं. तिच्या घरी नाही, दुसऱ्या टोकाला, आपल्याच घरी, म्हणजे पोचतंय काय ते कळेल. म्हणजेच, श्रीदेवीला सांगणं आलं.

मंगळवारी त्यानं रजा काढली. दीड वाजता जेवण झालं. दोनला दहा कमी असताना त्यानं घसा खाकरला. "ते शेरा लिवणारं माणूस विचारत हुतीस ना तू."

"कुठलं?"

"हँडसेटवालं."

श्रीदेवी मोबाइल भिंतीला टेकवत होती. तिचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, खुंटीवरच्या त्याच्या ओळखपत्राकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. "अय्यो देवरे!" ती म्हणाली. पुढची दोन मिनिटं ती फक्त कानडीतून बोलली. उमाशंकरला कानडी कामापुरतं कळतं. त्या दिवशी कामापेक्षा जास्त कळलं.

शेवटी तिनं कात्री त्याच्यासमोर ठेवली. "आज तुमी कापायचं. म्या निस्ती बघणार."

वर्ग सुरू झाला. चित्र सतरा वेळा थांबलं. त्यानं सवयीनं मोजलं. शिवांजलीचा चेहरा चौकोनी तुकड्यांचा दिसत होता. पण काळी रेघ दिसली, आकडा तीनदा ऐकू आला, त्यानं तो लिहून पाठवला, आणि "काप" ऐकू येईपर्यंत कात्री हवेत धरून बसला. एकदा तर चाळीस सेकंद. श्रीदेवीनं तेवढ्यात त्याचा फोटो काढला. कागद उलगडला तेव्हा तिनं टेप लावला.

"पाच," ती म्हणाली. "बरोबर हाय."

उमाशंकरचा चेहरा खुलला. मग तिनं कागद पुढं ओढला. "पण ह्यो बाही जोडायचा डावा मुंढा असा का कुरतडलाय?"

"तितं अडकलं हुतं."

"न्हाय अडकलं. म्या बघत हुते."

त्या दिवशी गटातल्या एकशे ऐंशी बायकांकडं एक फोटो गेला: तोंड उघडं, हातात कात्री, समोर वर्तमानपत्राचं ब्लाऊज. खाली श्रीदेवीनं लिहिलं होतं, 'हँडसेट तपासणारे साहेब. आमचेच आहेत.' संध्याकाळपर्यंत हसण्याची इतकी चित्रं आली, की उमाशंकरला आपलं नेटवर्क चांगलं असल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं. त्या अकरा जणींपैकी एकीनं मात्र वेगळं लिहिलं: 'भाऊ, आलात हे बरं केलं.' तो निरोप त्यानं अजून पुसलेला नाही.

श्रीदेवीनं त्या मोठ्या गळ्याला दोन्ही बाजूंनी जरीच्या पट्ट्या जोडल्या आणि लग्नात तोच ब्लाऊज घातला. आळंदच्या बायकांनी ही नवी तऱ्हा कुठली म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, "धाराशिवची."

अहवाल लिहायला उमाशंकरला दोन दिवस लागले. त्यानं लिहिलं, की आपल्या आधीच्या तिन्ही नोंदी चुकीच्या आहेत. चुकीच्या वेळी, चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या दिशेनं मोजलंय. खाली दुपारी दोनचे आकडे जोडले, घरातले आणि कारखान्याच्या आवारातले. पुण्याहून त्याचे वरिष्ठ कृष्णराज सरांचा फोन आला.

"बिराजदार, अपलोडचा रकाना फॉर्ममध्ये नाहीये."

"म्हणून शेऱ्यात लिहिलंय सर."

"आणि स्वतःच्याच नोंदी चूक म्हणताय? वर गेलं की तुमचं नाव येईल त्यात."

"येऊ द्या की सर. नाव बरोबर हाय. नोंद चूक हाय."

पलीकडं थोडा वेळ शांतता होती. उमाशंकरला आधी वाटलं, इथंही अडकलं. मग सर म्हणाले, "ठीक आहे. पाठवतो."

अँटेनाची एक बाजू वाढली, पण ती चैत्रात. तोवर गाळप संपून गेलं होतं. आवारात पाचट उडत होतं आणि कुत्री झोपली होती. अर्थातच व्हिडिओ झकास चालला. कंपनीनं सगळ्यांना निरोप धाडला, हिवरदऱ्याची समस्या सुटली, बिराजदार यांचं अभिनंदन. उमाशंकरनं उत्तर दिलं, की अभिनंदन मार्गशीर्षात करा, तोवर मला काही माहीत नाही. कृष्णराज सरांना तो विनोद वाटला.

या हंगामात ट्रॉल्या पुन्हा आल्या. तो बरोबर दोनला शिवांजलीच्या खोलीत जाऊन बसला. आकडा सव्वातीनच्या खाली उतरला नाही. वर्गात आता चारशे बायका आहेत, आणि चित्र चांगलं जात असूनही शिवांजलीनं वर्तमानपत्र सोडलेलं नाही. पलीकडं एखादीच्या गावात रेंज नसली तर, असं तिचं म्हणणं. येताना उमाशंकर कारखान्याच्या आवारात उतरला. बीडचा तो माणूस या वर्षी आला नव्हता, की दुसऱ्या कारखान्याला गेला होता, कुणाला सांगता आलं नाही.

फॉर्ममधे चढणाऱ्या वेगाचा रकाना पौषापासून आला. तो आल्यावर उमाशंकरच्या जिल्ह्यात एकदम एकोणीस लाल ठिपके उमटले. महारुद्र म्हणाला, "सगळी पेरणी वाया गेली की हो." उमाशंकरनं त्याला गाडी चालवायला सांगितलं.

आणि माघात श्रीदेवीनं स्वतःचा वर्ग सुरू केला, कानडीतून, आळंद आणि बसवकल्याणकडच्या साठ बायकांसाठी. पहिल्याच दिवशी दोनदा अडकला. उमाशंकर तेव्हा परांड्यात होता. तिनं फोन केला, तर तो म्हणाला, रीतसर तक्रार कर, जागा आणि वेळ लिहून. तिनं केली: 'सास्तूर, राहत्या घरी, दुपारी चार ते पाच.' तक्रार फिरून त्याच्याकडंच आली. दुसऱ्या दिवशी चारला दहा कमी असताना तो आणि महारुद्र वायरी घेऊन दारात उभे होते. श्रीदेवीनं महारुद्रला चहा दिला आणि नवऱ्याला सतरंजीच्या कडेला जागा. आकडा आला एक पूर्णांक एक दशांश. त्यानं तो तसाच लिहिला, नवा अँटेना मागितला, आणि मागणी पुण्याला गेली. ती अजून तिथंच आहे. तोवर घरातली रद्दी विकायची नाही, असं श्रीदेवीनं सांगून ठेवलंय.